अर्थ लागेना

चावी फिरवली की एकच आवाज:
टक्.
मग काही नाही.
दाराआडून कुणी घसा खाकरावा
आणि दार उघडूच नये, तसं.

खानापूरच्या कौलभट्टीसमोर टेम्पो उभा,
पाठीवर आठशे कौलं, गवतात लावलेली,
नऊच्या आत लोंढ्याला पोचवायची.
निंगनगौडा स्टेअरिंगवर कपाळ टेकून म्हणतो,
"ब्याटरी होत री."
गेली म्हणे. थांब की जरा, म्हटलं.
गेली म्हणायला डॉक्टर लागतो,
तू नुस्ता नातेवाईक.

दस्तगीरमामांनी शिकवलेलं पहिलं वाक्य:
आधी ऐक, पाना नंतर.
कटकटकट वाजलं तर बॅटरी उपाशी.
एकदाच टक्, तर पोट भरलंय, हात हलेना.
काहीच नाही वाजलं तर वायर, रिले,
चावीमागचा खटका,
नाहीतर रात्रीत बॅटरी चोरीला.
हे सांगताना ते हसायचे नाहीत.

हेडलाइट लाव, म्हटलं, आणि मार.
भट्टीच्या भिंतीवर दोन पिवळे गोल.
टक्.
गोल तिथंच, तेवढेच.
मिणमिणले असते तर बरं होतं.

मीटर लावला. बॅटरीवर बारा पॉइंट सहा.
स्टार्टरच्या जाड नटावर बारा पॉइंट पाच.
बारक्या वायरीतही येतोय.
पाहुणे सगळे आलेत, लग्न लागत नाही.

मग गाडीखाली. पाठीला कौलांचा चुरा टोचतोय.
पान्याच्या दांड्यानं मोटारीला दोन थापा,
ब्रश अडकला असला तर तेवढ्यानं जागा होतो.
मार!
टक्.

"मोटर काढा की अक्का," वरून आवाज.
काढली असती तर मजुरी चारशे.
ते डोक्यात आलं माझ्या, खोटं कशाला सांगू.

मामांची कानडी उर्दूसारखी, उर्दू मराठीसारखी,
आणि बिल कोऱ्या कागदावर नुसते आकडे,
म्हणजे कुणाशी वाद नको.
एकदा असंच गाडीखालून म्हणाले होते,
"पोरी, जायची वाट सगळे तपासतात.
परत यायची कोण बघतंय?"
मला तेव्हा वाटलं, घरचं काहीतरी बोलतायत.

उठताना आधाराला हात गेला
अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलवर.
चटका!

ही तार पायाचा निरोप इंजिनला सांगणारी.
हिला करंटशी काय देणंघेणं?
पण तापलेली. वरचं प्लास्टिक मऊ झालेलं.
म्हणजे तो आत पोचतोय,
परतायला रस्ता नाही म्हणून
असा परक्याच्या परसातून घरी जायला बघतोय,
आणि एवढ्याशा वाटेत मावेना.

इंजिन आणि चासीच्या मधली विणलेली पट्टी,
आम्ही तिला अर्थ म्हणतो.
वरून बघाल तर अख्खी.
बोल्टखाली हिरवा बुरा, त्यावर लाल माती,
ह्याच भट्टीची.
बोटानं ओढली, तर हातातच आली.

"एनायतु?" निंगनगौडा उतरून आला.
अर्थ लागत नव्हता, मी म्हटलं.
तो बघत राहिला.
"अर्थ आगलिल्ला," म्हणाला,
म्हणजे त्याच्या भाषेत, कळलं नाही.
हां, म्हटलं, तेच.
गाडीचं पण तेच झालंय.

जंपरचं एक टोक मायनसला, एक इंजिनच्या अंगाला.
मार.
सगळी कौलं एकदम किणकिणली,
धूर भट्टीच्या धुरात गेला.
मग बंद करून नीट केलं:
पॉलिश पेपर, नवी पट्टी, नवा बोल्ट, वर ग्रीस.
पट्टीचे वेगळे, माझे साठ.
तो पन्नास देत होता. साठच घेतले.

आणि ती केबल बदल, म्हटलं, आजच.
चटका खाल्लेली तार दिसायला चांगली असते.
तुटते पुढं कुठंतरी, जंगलात,
जिथं टक् ऐकायलाही कोण नसतं.